खालच्या लीगची हॉकी : कशी पाहावी आणि का पाहावी



गेल्या हनुक्काच्या दिवसांत मुंबईहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. "रविवारी काय करतेस गं तिकडे?" मी म्हटलं, "हॉकीची मॅच बघायला चाललेय. बर्फावरची." ती हसायलाच लागली. म्हणाली, "अगं, तुला क्रिकेटमधला लेग बाय कळत नव्हता कधी!"

खरं आहे ते. मी चौऱ्याहत्तर वर्षांची निवृत्त नर्स. डिप्लोमा झाल्यावर मुंबईच्या म्युनिसिपल हॉस्पिटलात आयुष्य गेलं. खेळ म्हणजे आमच्यासाठी रविवारी संध्याकाळी हात-पाय मोडून येणारी पोरं. मिस्टर गेल्यावर २०१६ साली मी मुलाकडे अल्फारेटाला आले. हे गाव जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेला. इथे बर्फ आकाशातून क्वचितच पडतो, पण गावात बर्फाची रिंक आहे आणि माझा नातू त्या रिंकवर वाढला. त्याच्याशी बोलायला काहीतरी विषय हवा म्हणून मी हा खेळ शिकले. मावसबहिणीने त्या दिवशी इतके प्रश्न विचारले की शेवटी म्हटलं, लिहूनच काढते. मुलांकडे परदेशी राहायला गेलेल्या आपल्या इतर मंडळींनाही उपयोग होईल.

खेळ थोडक्यात

आपली हॉकी गवतावरची. खडकीच्या धनराज पिल्लेने तुटक्या स्टिका घेऊन ती शिकली, हे आपल्याला ठाऊक आहे. इथली हॉकी बर्फावरची. रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, बर्फाचा थर जेमतेम इंचभर. चेंडूऐवजी कडक रबराची काळी चकती असते, तिला पक म्हणतात. ३ इंच रुंद, १ इंच जाड. ती उसळू नये म्हणून मॅचआधी गोठवून ठेवतात.

प्रत्येक बाजूचे सहा जण बर्फावर असतात: पाच खेळणारे आणि एक गोलकीपर, ज्याला इथे सगळे गोली म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. खेळाडू पाऊण मिनिटभर जीव तोडून पळतात आणि बाकावर येऊन बसतात, त्यांच्या जागी दुसरे उतरतात. खेळ चालू असतानाच ही अदलाबदल होते. सुरुवातीला मला वाटायचं, ही पोरं कंटाळून परत का येतात! दोन भागांच्या मध्ये झांबोनी नावाचं मोठं यंत्र फिरून बर्फ गुळगुळीत करतं. लहान मुलांना खेळापेक्षा तेच जास्त आवडतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

एक नियम लक्षात ठेवा, बाकीचे आपोआप कळतात. बर्फावर दोन निळ्या रेषा असतात. समोरच्यांच्या निळ्या रेषेच्या आत आधी पक जायला हवा, मग आपला माणूस. माणूस आधी गेला की शिट्टी.

शिडी कशी आहे

मुंबईच्या जुन्या मंडळींना कांगा लीग आठवत असेल. पावसात, चिखलात खेळायची पोरं. त्यातला एखादा रणजीला जायचा आणि शेकड्यांतला एखादा कसोटीला. इथेही तशाच तीन पायऱ्या आहेत.

सगळ्यात वर एनएचएल. तिच्यात ३२ टीम आहेत. त्याखाली एएचएल. आणि तिच्याखाली ईसीएचएल, जी १९८८ साली सुरू झाली. वरच्या टीमचा खालच्या टीमशी करार असतो. वरचे आपली तरुण पोरं शिकायला खाली पाठवतात आणि गरज पडली की बोलावून घेतात. एनएचएलमध्ये दर उन्हाळ्यात नव्या मुलांची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. सात फेऱ्या, दोनशेवर मुलं, बहुतेक अठरा वर्षांची. पण निवड झाली म्हणजे नोकरी लागली असं नाही. नाव लागल्यावरही बरीच मुलं वर एकही मॅच खेळत नाहीत.

उलट गोष्टही घडते. ईसीएचएल सुरू झाल्यापासून तिथे खेळलेले सातशेहून जास्त खेळाडू पुढे एनएचएलमध्ये खेळले आहेत. जोनाथन क्विक हा गोली २००७-०८ मध्ये रेडिंग नावाच्या गावी या खालच्या लीगमध्ये होता. २०१२ साली त्याने लॉस एंजेलिसच्या टीमला स्टॅन्ली कप मिळवून दिला आणि त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अलेक्झांडर बरोज या पोराला तर ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नव्हतं. तो याच लीगमधून चढत व्हँकुव्हरला पोचला आणि तिथे वर्षानुवर्षे खेळला.

आमची टीम

आमच्या टीमचं नाव अटलांटा ग्लॅडिएटर्स. ती खेळते डुलूथ गावात, गॅस साउथ अरीनामध्ये. अल्फारेटाहून गाडीने अर्धा-पाऊण तास. टीम २००३ साली अलाबामा राज्यातल्या मोबील गावाहून इथे आली. तेव्हा तिला ग्विनेट ग्लॅडिएटर्स म्हणायचे, २०१५ पासून अटलांटाचं नाव लागलं. २००६ साली ती केली कपच्या अंतिम फेरीत पोचली होती, पण अलास्काच्या टीमकडून हरली.

गंमत बघा. अटलांटाला एनएचएलची मोठी टीम दोनदा मिळाली आणि दोनदा गेली. फ्लेम्स १९७२ साली आले आणि १९८० साली कॅनडात कॅलगरीला गेले. थ्रॅशर्स १९९९ साली आले आणि २०११ साली विनिपेगला गेले. दोन्ही मोठ्या टीम गेल्या, ही छोटी मात्र अजून इथेच आहे. २०२४ साली माजी खेळाडू ॲन्सन कार्टर यांच्या गटाने जाहीर केलं की अल्फारेटाच्या नॉर्थ पॉइंट मॉलच्या जागेवर अरीना बांधून तिसऱ्यांदा मोठी टीम आणायची इच्छा आहे. मॉल आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. शेजारीपाजारी तेव्हा दुसरा विषयच नव्हता. मी म्हटलं, येईल तेव्हा येईल, तोवर माझी ग्लॅडिएटर्स आहे.

कागदावरचे चार शब्द

अशी टीम पाहायची तर फक्त मॅच पाहून भागत नाही. कोण आला, कोण गेला, याची यादी टीम आणि लीग रोज इंटरनेटवर देतात. मी सकाळी चहाबरोबर ती वाचते, जशी पूर्वी वॉर्डची ॲडमिशन-डिस्चार्जची वही वाचायची. चार शब्द कळले की सगळं कळतं.

असाइन म्हणजे वरच्या टीमने आपला मुलगा खाली पाठवला. रिकॉल म्हणजे त्याला परत वर बोलावलं. लोन म्हणजे खालच्या टीमचाच मुलगा वरच्यांनी थोड्या दिवसांसाठी उसना घेतला. रिलीज म्हणजे सोडून दिलं. या चौथ्या शब्दामागे एखाद्या पोराचं सामान गाडीत भरलेलं असतं.

रिकॉल कधीही येतो. दुपारी फोन, संध्याकाळी विमान, रात्री दुसऱ्या गावात मॅच. या लीगमध्ये पगार थोडा, राहायची जागा टीम देते, बहुतेकांचा करार एकाच सीझनचा. एका सीझनमध्ये ७२ मॅचेस आणि दूरदूरचे बसचे प्रवास. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस ओळीने खेळ असतो. रात्रपाळी केलेल्या माणसाला ते थकलेले चेहरे लगेच ओळखू येतात.

नव्या पोरात काय बघायचं

मी आधी फक्त गोल मोजायची. नातू म्हणाला, "आजी, पक बघू नकोस. पकच्या मागे लागलेला माणूसही बघू नकोस. ज्याच्याकडे पक नाही त्याला बघ." त्याने शिकवलेलं तुम्हाला सांगते.

एक, पक हातून गेल्यावर पोरगा काय करतो? मान खाली घालतो की लगेच मागे पळतो? दोन, दमल्यावर वेळेत बाकावर येतो का? जास्त वेळ बर्फावर राहणाऱ्याला बाहेरचे टाळ्या देतात, पण कोच रागावतो. तीन, मॅच तीन-चार गोलांनी हातची गेली असताना शेवटच्या पाच मिनिटांत त्याचे पाय कसे चालतात? वरून बघायला आलेले लोक तेच बघतात.

गोलीची गोष्ट वेगळी. त्याचा आकडा सोपा: शंभर मारे आले तर अडवले किती? नव्वद म्हणजे कसंबसं, ब्याण्णव म्हणजे फार छान. दोन आकड्यांचाच फरक, पण त्यात पोराचं सगळं भविष्य. आणि गोल खाल्ल्यावर पुढच्या माऱ्याला तो कसा उभा राहतो हे आकड्यात दिसत नाही, ते तिथे बसूनच बघावं लागतं.

गोली पिकायला वेळ लागतो. टीमला एका मॅचला दोनच गोली लागतात आणि खेळतो त्यातला एक. म्हणून चांगल्या पोरालाही वर बाकावर बसवण्यापेक्षा खाली पाठवतात, म्हणजे खेळायला मिळतं. मी नवी आले तेव्हा डॅनियल व्लादार नावाचा प्रागचा पोरगा ग्लॅडिएटर्सकडे यायचा-जायचा. तेव्हा आमचा करार बोस्टनशी होता. बोस्टनने त्याला २०१५ च्या ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत घेतलं होतं. साडेसहा फुटांच्या जवळ उंची, वय एकोणीस-वीस. माझा नातू तेव्हा सात-आठ वर्षांचा. त्या उंच पोराला बघून तो म्हणाला, मी पण गोली होणार. व्लादारला एनएचएलची पहिली मॅच मिळाली ती २०२० च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे ड्राफ्टनंतर पाच वर्षांनी. पुढे तो गेला कुठे? कॅलगरीला! अटलांटाहून गेलेल्या त्या फ्लेम्सकडेच. आमच्या घरात त्या दिवशी शिरकुर्मा नाही, पण शिरा झाला.

माझ्या नातवाचं काय झालं

आता जे सांगणार आहे त्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

२०२३ च्या एप्रिलमध्ये नातू चौदा वर्षांचा होता. एका मॅचमध्ये समोरचा मुलगा घसरत येऊन त्याच्यावर आदळला आणि याचं डोकं गोलच्या खांबावर आपटलं. हेल्मेट होतं. तो उठला, उरलेला वेळ खेळला आणि घरी कोणाला काही बोलला नाही, कारण दोन आठवड्यांनी मोठ्या टीमची निवड होती.

तिसऱ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "दिवा बंद करू का?" नंतर बघितलं तर पुस्तकाचं एकच पान पुन्हा पुन्हा वाचतोय. नारळाच्या दुधातलं चिकन अर्धं टाकून उठला. मी त्याच्या खोलीत गेले. विचारलं, "डोकं दुखतं का रे?" "नाही आजी." मी म्हटलं, "बरं, डिसेंबरपासून महिने उलटे म्हण बघू." डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर... आणि तो अडकला. मग रडायला लागला. म्हणाला, "आजी, प्लीज बाबांना सांगू नकोस. फक्त दोन आठवडे."

मी त्याच रात्री सांगितलं.

डॉक्टरांनी कन्कशनच सांगितलं. मेंदूला बसलेला धक्का. तो एक्स-रेत दिसत नाही आणि साध्या स्कॅनमध्येही बहुधा दिसत नाही. तो वागण्यात दिसतो: उजेड सहन न होणं, मळमळ, चिडचिड, विसरणं, जास्त झोप किंवा झोपच नाही. मेंदू सावरलेला नसताना दुसरा फटका बसला तर आत एकदम सूज येऊ शकते. हे क्वचित घडतं, पण कोवळ्या वयात घडतं आणि त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून खेळात परत जायचं ते पायरी पायरीने: एक-दोन दिवस विश्रांती, मग हलकं चालणं, मग एकट्याने स्केटिंग, मग धक्का न लागणारा सराव, मग डॉक्टरांची परवानगी, मग पूर्ण सराव आणि शेवटी मॅच. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. त्रास परत झाला तर एक पायरी खाली. जॉर्जियात २०१३ साली यासाठी कायदाही झाला. शाळेच्या खेळात डोक्याला लागल्याचा संशय आला तर मुलाला बाहेर काढायचं आणि जाणकाराने तपासल्याशिवाय परत घ्यायचं नाही.

निवड चुकली. त्या वर्षी टीममध्ये दुसरी जागा नव्हती. "तुझ्यामुळे," एवढंच तो मला एकदा म्हणाला. त्यानंतर मी टेबलावर बसले की तो ताट घेऊन उठायचा. सूनबाई समजूतदार, ती म्हणायची, "आई, तुम्ही बरोबर केलंत." नर्स म्हणून मी बरोबर होते, यात मला शंका नाही. पण पोराने विश्वासाने सांगितलेलं मी फोडलं, ते अजूनही टोचतं.

ऑक्टोबरात सीझन सुरू झाला. मी मुलाला म्हटलं, रविवारच्या मॅचला मला घेऊन चल, आणि त्यालाही घे. नातू आला, पण माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसला. आमच्या वरच्या रांगेत सूट-टाय घातलेला एक तरुण एकटाच बसला होता. मी मुलाला विचारलं, हा कोण? उत्तर नातवाने दिलं. "टीमचाच आहे तो. लागलंय त्याला." मी म्हटलं, "मग खेळू देत का नाहीत? त्याची तर ही नोकरी आहे." तो जरा वेळ बर्फाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही देत, आजी. जागा गेली तरी नाही देत." दुसऱ्या भागात तो मधल्या खुर्चीवर सरकला आणि मला निळी रेषा समजावायला लागला. मला ती आधीच कळली होती. मी काही बोलले नाही.

पुढच्या वर्षी त्याला खालच्या टीममध्ये जागा मिळाली. आज तो सतरा वर्षांचा आहे, खेळतो, लहान मुलांच्या मॅचेसना पंचही होतो. एनएचएलला जाणार नाही हे त्यालाही कळतं. त्याच्या गळ्याला आता जाड पट्टा असतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये ॲडम जॉन्सन हा खेळाडू स्केटचं पातं गळ्याला लागून मॅचमध्येच वारला. त्यानंतर, २०२४ च्या ऑगस्टपासून, अमेरिकेत अठरा वर्षांखालच्या मुलांना गळ्याचा पट्टा सक्तीचा झाला. तुमची नातवंडं खेळत असतील तर पट्टा आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

जाणाऱ्यांचं वाईट वाटतं का?

मावसबहिणीचा शेवटचा प्रश्न हा होता. "जी पोरं चांगली ती वर जातात, मग तू कोणाला बघतेस?"

माझ्या वॉर्डात डिप्लोमाच्या मुली शिकायला यायच्या. पहिल्या महिन्यात सलाईनची बाटली बघून हात कापायचे, तिसऱ्या वर्षी एकटी वॉर्ड सांभाळायची. तयार झाली की चालली गल्फला, इंग्लंडला, इस्रायलला. मला राग यायचा. शिकवायचं आम्ही आणि न्यायचं दुसऱ्यांनी! निरोपाच्या चहालाही मी कामाचं निमित्त काढून जायची नाही. आता वाटतं, जायला हवं होतं. इथे एखाद्या पोराचा रिकॉल लागला की पुढच्या मॅचला लोक त्याचं नाव लिहिलेली जर्सी घालून येतात. पोरगा तिथे नसतो, तरी घालून येतात. हे मी या वयात शिकले. आपल्या समाजात तर प्रत्येक घरातून कोणीतरी गेलेलंच आहे. कोकणातून मुंबईला, मुंबईहून अश्दोदला, आणि मी इथे.

आणि न गेलेलेही असतात. डेरेक नेस्बिट हा आमचा कॅप्टन. एएचएलमध्ये वर्षानुवर्षे खेळला, पण एनएचएलचं दार त्याला उघडलं नाही. खेळ थांबवल्यावर तो इथेच कोच झाला. त्याच्या नावाला इथे व्लादारपेक्षा जास्त टाळ्या पडतात.

जाणार असाल तर

सीझन ऑक्टोबर ते एप्रिल. शुक्रवारची मॅच आपण सोडतो. शनिवारची मात्र थंडीत जमते, कारण डिसेंबरात इथे सव्वासहाच्या सुमारास शब्बाथ सुटतो आणि मॅच सातच्या आसपास असते. सगळ्यात उत्तम रविवार दुपार. आत थंडी असते, स्वेटर आणि मोजे हवेतच. गोल झाला की भोंगा जोरात वाजतो, कानात मशीन असेल तर आवाज कमी करून ठेवा. तिकीट काढताना पायऱ्या कमी असलेली जागा मागा. गोलच्या मागे जाळी असते, पण बाजूला बसलात तर नजर पकवर ठेवा, तो बाहेर उडतो. घरून निघताना मधुमेहवाल्यांनी खाऊन निघा. आत मक्याच्या लाह्या आणि गोड पेयं याशिवाय आपल्या कामाचं फारसं काही नसतं.

मी परवाच यादी बघितली. एक नवा गोली आलाय, वीस वर्षांचा. रविवारी नातू गाडी चालवणार आहे, त्याला लायसन्स मिळालंय. बघून येते आणि कळवते.

शालोम.